टळलेली टक्कर आणि इतिहासाचे साधन : याइझू (२००१) येथील घटनेचा अभ्यास

विमान वाहतुकीचा इतिहास प्रामुख्याने अपघातांच्या आधारे लिहिला गेला आहे. अपघात घडला की अवशेष उरतात, चौकशी आयोग नेमला जातो, अहवाल प्रसिद्ध होतो आणि अभ्यासकास साधनसामग्री आपोआप उपलब्ध होते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून नुकतेच उड्डाण केलेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे उतरत असलेले कझाकस्तानचे विमान यांची हरियाणातील चरखी दादरी येथे टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर न्यायमूर्ती लाहोटी यांची चौकशी झाली, आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानात असणे भारतात बंधनकारक झाले. याउलट जी टक्कर थोडक्यात टळते तिचे अवशेष नसतात. अशा घटनेची दखल इतिहासाने कशी घ्यावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका जपानी उदाहरणाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

३१ जानेवारी २००१ रोजी दुपारी जपान एअरलाइन्सचे ९०७ क्रमांकाचे बोइंग ७४७ विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावरून ओकिनावातील नाहा येथे जाण्यास निघाले. विमानात ४२७ जण होते. त्याच कंपनीचे ९५८ क्रमांकाचे डीसी-१० विमान २५० जणांना घेऊन दक्षिण कोरियातील बुसानहून नारिताकडे ३७,००० फुटांवरून येत होते. उड्डाणास जेमतेम वीस मिनिटे झाली होती. ९०७ अद्याप उंची घेत होते आणि शिझुओका प्रांतातील याइझू शहराच्या परिसरात दोन्ही विमानांचे मार्ग एकमेकांना छेदणार होते.

तोकोरोझावा येथील नियंत्रण केंद्रात त्या वेळी एक प्रशिक्षणार्थी नियंत्रक पर्यवेक्षिकेच्या देखरेखीखाली काम करीत होता. पडद्यावर धोक्याची सूचना उमटताच त्याने ९५८ ला खाली उतरविण्याचे ठरविले. परंतु त्याच्या तोंडून क्रमांक गेला तो ९०७ चा. त्या विमानाच्या कप्तानाने आज्ञेप्रमाणे विमान खाली घेण्यास प्रारंभ केला. काही सेकंदांतच दोन्ही विमानांतील टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा, बोलू लागली. तिने ९०७ ला वर जाण्यास व ९५८ ला खाली जाण्यास सांगितले. ९५८ च्या कप्तानाने यंत्राचे ऐकले, ९०७ च्या कप्तानाने माणसाचे. परिणामी दोन्ही विमाने एकाच वेळी खाली येऊ लागली. पर्यवेक्षिकेने हस्तक्षेप केला खरा, पण तिने उच्चारलेला ९५७ हा क्रमांक त्या आकाशात कोणत्याच विमानाचा नव्हता.

अखेर समोरचे विमान डोळ्यांना दिसल्यामुळे ९०७ च्या कप्तानाने विमान एकाएकी आणखी खाली दाबले. अधिकृत अहवालानुसार दोन्ही विमाने एकमेकांपासून सुमारे १३५ मीटर अंतरावरून गेली. या झटक्याने प्रवासी आसनांवरून उडाले, पेयांची गाडी छतावर जाऊन आदळली आणि शंभर जण जखमी झाले. प्राणहानी मात्र झाली नाही. एकूण ६७७ जण वाचले.

येथे एक बाब आग्रहाने नमूद करणे आवश्यक वाटते. ९०७ च्या कप्तानाचा निर्णय आज चुकीचा ठरतो; परंतु नियंत्रकाची आज्ञा आणि यंत्राची सूचना परस्परविरुद्ध असतील तर कोणती मानावी, याविषयी त्या काळचे आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध नव्हते. दोष केवळ व्यक्तीचा नव्हता, नियमांतील मोकळ्या जागेचाही होता. ती जागा याइझूच्या आकाशात सर्व जगाला दिसली होती.

तरीही ती भरली गेली नाही. बरोबर सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेन येथे हाच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा घडला. झुरिकच्या नियंत्रकाने रशियन तुपोलेव्ह विमानास खाली येण्यास सांगितले, यंत्राने वर जाण्यास. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू बोइंग यंत्राच्या सूचनेनुसार खालीच येत होते. या वेळी १३५ मीटरांचे अंतर उरले नाही. ७१ जण मरण पावले; त्यांत बहुसंख्य ऊफा शहरातील शाळकरी मुले होती. याइझूसंबंधीचा जपानी चौकशी अहवाल त्याच महिन्यात, या दुर्घटनेनंतर प्रसिद्ध झाला. यंत्राची सूचनाच प्रमाण मानावी, असा निःसंदिग्ध आंतरराष्ट्रीय नियम २००३ च्या अखेरीस आला. या कालक्रमाकडे पाहता नियम बदलला तो याइझूमुळे नव्हे, युबरलिंगेनमुळे, असेच म्हणावे लागते.

जपानमध्ये मात्र याइझूचे प्रकरण वेगळ्याच दिशेने गेले. दोन्ही नियंत्रकांवर फौजदारी खटला भरण्यात आला. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दोषी धरले, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका न्यायमूर्तींच्या भिन्नमतासह ती शिक्षा कायम केली. शिक्षा स्थगित स्वरूपाची होती. तथापि जीभ घसरल्याबद्दल शिक्षा होऊ शकते हे एकदा कळल्यावर पुढील नियंत्रक आपली चूक स्वतःहून सांगेल काय, ही शंका उरते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती अधिक जाणवते, कारण टळलेल्या टक्करीचे साधन म्हणजे मुख्यतः तिच्याशी संबंधित माणसांची नोंद आणि कबुली.

जानेवारी २०२२ मध्ये बेंगळुरूच्या विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन प्रवासी विमानांनी, एक कोलकात्यासाठी व दुसरे भुवनेश्वरसाठी, एकाच सुमारास उड्डाण केले आणि ती एकमेकांच्या दिशेने वळू लागली. एकच धावपट्टी वापरण्याचा निर्णय झाला होता, परंतु तो दुसऱ्या मनोऱ्यातील नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नव्हता. रडारवरील नियंत्रकाने वेळीच दिशा बदलण्यास सांगितल्यामुळे ४२६ जण वाचले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चौकशीच्या वृत्तांतानुसार, या घटनेची नोंद कोणत्याही नोंदवहीत झालेली नव्हती.