बांधकामाची कंत्राटे, मुंबई (१८९८–१९३०)

ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मालाने आणि ठरलेल्या दराने इमारत, रस्ता किंवा भराव पुरा करून देण्याचा लेखी करार म्हणजे बांधकामाचे कंत्राट. कुठे त्याला ठेका म्हणतात, कुठे मक्ता, मराठवाड्यात परतूर-जालना-परभणीकडे गुत्ता. मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले तेव्हापासून बॅक बेचा भराव अर्ध्यावर थांबला तोपर्यंतची तीस वर्षे या व्यवहाराच्या दृष्टीने फार धामधुमीची गेली. या काळातल्या इमारतींचा इतिहास बहुधा वास्तुशिल्पींच्या नावाने सांगितला जातो. त्याच इमारती कंत्राटाच्या अंगाने पाहिल्या की दुसराच प्रश्न पुढे येतो. खोदल्यावर खाली खडक लागेल की चिखल, दोन वर्षांनी लोखंड कितीला पडेल, मजूर टिकतील की गावी परततील, हे सही करताना कोणालाच ठाऊक नसते. त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा?

या धामधुमीचे तात्कालिक कारण प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला आणि दाट, कोंदट वस्त्यांचा प्रश्न सरकारच्या दारात येऊन उभा राहिला. १८९८च्या कायद्याने सुधार विश्वस्त मंडळ निर्माण झाले. नागपाड्यासारख्या वस्त्या पाडणे, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, सिडनहॅम रोड (आजचा महंमद अली रोड) असे रुंद रस्ते काढणे, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखणे ही त्याची कामे. मंडळ स्वतः थोड्या चाळी बांधी. बाकी जमीन समतल करून, रस्ते-गटारे घालून, भूखंड भाडेपट्ट्याने देई आणि पट्ट्यातच बांधकामाच्या अटी घाली. म्हणजे एका जागेवर दोन करार होत. पहिला मंडळाचा पट्टेदाराशी, दुसरा पट्टेदाराचा कंत्राटदाराशी. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतल्या घरांची उंची व मोकळी जागा आजही एकसारखी वाटते ती या अटींमुळे. पाडलेल्या वस्त्यांतल्या भाडेकरूंची मात्र तितक्या झपाट्याने सोय लागली नाही. पाडण्याचे काम बांधण्यापेक्षा नेहमीच सोपे आणि स्वस्त असते.

कामाची रीत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने घालून दिली होती आणि खासगी मालकांनीही तीच थोड्याफार फरकाने उचलली. आधी नकाशा आणि अंदाजपत्रक, मग टेंडर, त्यासोबत बयाणा, काम मिळाल्यावर अनामत. काम चालू असताना ओव्हरसिअर टेप लावून मापे घेई आणि मापवहीत उतरवी. त्या मापांवर चालू बिल निघे आणि बिलातून काही रक्कम राखून ठेवली जाई. दगड, खडी, वाळू, गिलावा सारे ब्रासवर मोजायचे. एक ब्रास म्हणजे घन काम असेल तर शंभर घनफूट, सपाट असेल तर शंभर चौरस फूट. सगळ्या कंत्राटाचा प्राण मापवहीत. बिल तिच्यातून निघे, भांडणही तिच्यातूनच.

कराराचे प्रकार मुख्यतः तीन. ठोक रकमेच्या करारात सगळा धोका कंत्राटदाराच्या डोक्यावर. म्हणून तो आधीच भाव चढवून सांगतो. बाबनिहाय दराच्या करारात जितके काम तितके पैसे. जास्तीच्या खोदाईचा खर्च मालकाकडे जातो. टक्केवारीच्या करारात खर्च मालकाचा आणि कंत्राटदाराला त्यावर ठरावीक टक्के. इथे काटकसर करण्याचे कोणालाच कारण उरत नाही. चौथी वाटही होती, ती म्हणजे कंत्राटदार बाजूला ठेवून खात्याने स्वतःच मजूर लावून काम करणे. मुंबईत हीच वाट सगळ्यांत महाग पडली, ते पुढे येईल.

कायद्याची चौकट १८७२च्या करार कायद्याची. त्याच्या ७४व्या कलमाने कंत्राटातल्या दंडाला लगाम घातला. करारात कितीही मोठा दंड लिहिलेला असो, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल, असे हे कलम सांगते. १८९९च्या लवाद कायद्याचा अंमल सुरुवातीला मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा-शहरांपुरताच होता, आणि मोठ्या बांधकामांचे तंटे जिथे सर्वाधिक, तिथेच तो आधी आला. मजुराचा विचार कायद्याने बऱ्याच उशिरा केला. १९२३चा कामगार भरपाई कायदा जुलै १९२४ पासून लागू झाला आणि त्याच्या १२व्या कलमाने कंत्राटदाराच्या मजुराला अपघात झाल्यास मूळ मालकालाही भरपाईसाठी जबाबदार धरले.

खासगी कामांतला ठळक दाखला ताजमहाल हॉटेलचा. जमशेटजी टाटांच्या या इमारतीचे वास्तुशिल्पी रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा, काम अखेरीस डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. कंत्राटदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी, आणि मधला प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांच्याच नावावर सांगितला जातो. नकाशा पाहून माल लावणारा एवढीच कंत्राटदाराची ओळख तेव्हा नव्हती. जाणता कंत्राटदार रचनेतही हात घाली. पारशी समाजात ‘कॉन्ट्रॅक्टर’ हे आडनावच रूढ झाले, त्यावरून या धंद्याची पत कळते. इमारत उलट्या तोंडाने बांधली गेली आणि वास्तुशिल्पीने त्या धक्क्याने जीव दिला, ही कथा मुंबईत अजून चवीने सांगतात. तिला आधार नाही. घोडागाड्यांचे मूळ दार शहराच्या बाजूला ठेवले होते, इतकेच.

पारशांबरोबर दुसरा मोठा वर्ग तेलुगू कंत्राटदारांचा. निजामाच्या मुलखातून आलेले कामाठी मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांधकामावर राबत होते. कामाठीपुऱ्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्यांच्यातूनच पुढे धनिक कंत्राटदार निघाले. जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी कालेवार यांनी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत पाठबळ दिले. फुले स्वतः पुण्यात कंत्राटदार होते आणि बांधकाम खात्यातली लाचलुचपत त्यांनी आतून पाहिली होती, म्हणून तिच्यावर लिहिताना त्यांची लेखणी इतकी धारदार झाली. या मोठ्या नावांखाली उतरंड लांब होती. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम, आणि मुकादमाकडून उचल घेऊन आलेले गवंडी, पाथरवट, वडार, बिगारी. माल वाहणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने. करारातला धोका एकेक पायरी खाली ढकलला जाई आणि तळाला तो रोजंदारीच्या रूपाने पोहोचे. काम थांबले की मजुरी थांबली. तिथे लवादही नाही आणि दंडाचे कलमही नाही.

सरकारी इमारतींमध्ये जॉन बेग यांचे जनरल पोस्ट ऑफिस १९०४ मध्ये सुरू होऊन १९१३ मध्ये पुरे झाले. जॉर्ज विटेट यांच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी १९०५ची. इमारत १९१४च्या सुमारास उभी राहिली, पण युद्ध आले, तिथे लष्करी इस्पितळ बसले आणि संग्रहालय जानेवारी १९२२ मध्ये उघडले. कुर्ल्याचा निळसर आणि मालाडचा पिवळट दगड तिथे शेजारी शेजारी दिसतो. खाणी शहराच्या उंबरठ्यावर होत्या म्हणूनच हा दगडी थाट परवडला.

गेटवे ऑफ इंडियाचे वेळापत्रक तर कोणत्याही कंत्राटदाराची झोप उडवणारे. राजा पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये उतरला तेव्हा कमानीचा पुठ्ठ्याचा देखावा होता. कोनशिला ३१ मार्च १९१३ची, विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग काही वर्षे अपोलो बंदराचा भराव आणि समुद्रभिंत, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. खर्च सुमारे २१ लाख रुपये. पैसा संपल्यामुळे समोरून येणारा सरळ रस्ता झालाच नाही. आजही कमानीकडे जाताना तिरकस वाटेने जावे लागते.

पहिल्या महायुद्धाने कंत्राटी धंद्याचा पोत बदलला. आयात लोखंड आणि सिमेंट महागले, जुने ठोक करार अंगाशी आले. पोरबंदरच्या इंडियन सिमेंट कंपनीचे उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले होते, त्याला याच टंचाईत बाजार मिळाला. दगड आणि चुन्याच्या जागी काँक्रीट आले आणि त्याबरोबर यंत्रे, इंजिनिअर, भांडवल आले. चार मुकादमांच्या जोरावर चालणाऱ्या पेढीचे ते काम नव्हते.

ही संधी ओळखणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) पुढे होते. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाच्या कामाने सुरुवात केली. अडीच फुटी रुळांची ही रेल्वे १९११ पर्यंत निजाम राज्यातल्या लातूरला पोहोचली. फाटकांना कामाची जाण, वालचंदांकडे घरची सावकारी पत. कंत्राटात बिल निघेपर्यंत तग धरायला दोन्ही लागतात. १९२० मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोरघाटातले रेल्वे बोगदे, तानसाची जलवाहिनी अशी कामे त्यांनी केली. बोगद्याचे काम म्हणजे अज्ञाताशीच करार. डोंगराच्या पोटात काय आहे ते खोदल्यावरच कळते, आणि तोवर दर ठरलेला असतो. देशी कंपनी असा करार निभावू शकते, हे तोपर्यंत युरोपीय कंपन्यांना मान्य नव्हते.

याच सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खाते काढले. त्यांचे दोन मोठे संकल्प होते. पहिला, गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या. प्रत्यक्षात १९२५ पर्यंत २०७ चाळी झाल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची; एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास. साचेबंद काँक्रीटमुळे काम लवकर झाले, पण उजेड-वाऱ्याचा विचार तोकडा पडला आणि भाडे जुन्या खासगी चाळींपेक्षा जड. गिरणीपासून दूर पडलेल्या वरळीच्या चाळी बराच काळ ओस राहिल्या. १९३०च्या सत्याग्रहात तिथे राजबंद्यांना ठेवण्यात आले.

या योजनेचा एक धागा कापूस पिकवणाऱ्या मुलखापर्यंत जातो. विकासाच्या कर्जासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. अशा मुलखातले परतूर तेव्हा निजाम राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेने १९००च्या सुमारास हा टापू मनमाडशी जोडला होता. मीटरगेजवरून आलेला माल मनमाडला ब्रॉडगेजच्या डब्यांत चढे आणि मुंबईला जाई. वरळीच्या काँक्रीटमध्ये मराठवाड्याच्या कापसाचाही रुपया आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा संकल्प बॅक बेचा. कुलाब्यापासून चौपाटीच्या दिशेने १,१४५ एकर समुद्र आठ तुकड्यांत भरून काढायचा होता. कंत्राट न देता खात्याने हे काम स्वतःच्या अंगावर घेतले. सर जॉर्ज ब्युकॅनन यांच्या सल्ल्यावर भिस्त ठेवली. गाळ उपसायला ‘सर जॉर्ज लॉइड’ नावाचे अजस्र ड्रेजर आणले. तळाचा गाळ अपेक्षेपेक्षा घट्ट निघाला, ड्रेजरचा वेग ठरल्याप्रमाणे साधेना, आणि दगडी भिंतीच्या फटींतून भरलेला चिखल पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खासगी कंत्राटदार असता तर दिवाळखोर झाला असता किंवा लवादाकडे धावला असता. इथे धोका करदात्याच्या नावावर होता, म्हणून काम चालूच राहिले.

वकील आणि कायदेमंडळाचे सदस्य खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा कारभार वर्तमानपत्रांतून आणि सभागृहातून उघडा पाडला. सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. खात्यातले इंजिनिअर हार्वे यांनी नरिमनांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला; नरिमन निर्दोष सुटले. दशकाच्या अखेरीस काम थांबले तेव्हा जेमतेम ४४० एकर जमीन निघाली होती, आणि लोकांनी योजनेचे नाव ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे ठेवले होते. याच जमिनीवर पुढे मरीन ड्राइव्हच्या इमारती उठल्या. नंतरच्या भरावातून निघालेल्या टोकाला नरिमनांचे नाव मिळाले. इथे अंदाजपत्रकाच्या टीकाकाराचा असा मान राखला गेला, हे विरळाच.

मुंबईच्या मंडळाचा कित्ता इतर शहरांनी गिरवला. २८ सप्टेंबर १९०८च्या मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात कारकीर्द झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ मध्ये पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले आणि १९१२ मध्ये तिथेही शहर सुधार मंडळ स्थापन झाले. व्हिन्सेंट एश यांच्या नावाशी निगडित असलेली उच्च न्यायालयाची इमारत आणि उस्मानिया रुग्णालय याच लाटेतले. परतूरच्या रयतेची राजधानी अशी नव्याने उभी राहत होती, तर त्या रयतेचा कापूस मुंबईच्या बांधकामाला हातभार लावत होता.

मुंबईचे सुधार विश्वस्त मंडळ १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाले. विकास खात्याच्या चाळी शतकभर वापरात राहिल्या आणि आता म्हाडामार्फत त्यांतल्या बहुतेकांच्या जागी उंच इमारती बांधल्या जात आहेत. वरळीचे काम टाटा प्रोजेक्ट्सच्या नेतृत्वाखालील समूहाकडे, ना. म. जोशी मार्गावरचे (पूर्वीचा डिलाइल रोड) शापूरजी पालनजी कंपनीकडे आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका द्यावयाची, हे योजनेचे मुख्य सूत्र आहे.