धोतरा, गाजरगवत आणि दमा

हिंजवडी परिसरातल्या मोकळ्या जागा पावसाळ्यानंतर पाहिल्या, तर गाजरगवत आणि धोतरा ओळखायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. दम्याच्या इतिहासाशी दोहोंचे नाते आहे, पण उलट प्रकारचे.

आयुर्वेदात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास म्हणजेच दमा, असे सामान्यतः मानतात. दम लागला की धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय आपल्याकडे प्रचलित होता. १८०२च्या सुमारास तो मद्रासमधून इंग्लंडात पोहोचला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे धोतऱ्याच्या पानांच्या सिगारेटी तिकडे औषध म्हणून विकल्या गेल्या. दम्यावर सिगारेट! आज आपल्याला हसू येते. पण धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपीन श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळणारा चेतासंदेश खरोखरच अडवते. (प्रयोग मात्र कोणी करू नये. धोतरा जहाल विषारी आहे.) नळी थोडी रुंद झाली तरी एवढा आराम का पडतो? संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

१९५६ साली अमेरिकेत खिशात मावणारा, मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. त्याच वर्षी पुण्यातून आर. एस. राव यांनी गाजरगवताची नोंद प्रसिद्ध केली. आयात गव्हाबरोबर ते आले अशी समजूत रूढ आहे. देशात त्याचे याहून जुने नमुने सापडले आहेत. त्याच्या परागकणांची अ‍ॅलर्जी सर्वांना होत नाही. ज्यांना होते, त्यांच्या शरीरातील पेशी हिस्टामीनसारखी द्रव्ये सोडतात. श्वासनलिकेचे अस्तर सुजते, चिकट कफ साठतो. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा यांनीही असा झटका येऊ शकतो.

इथेच धोतऱ्याची मर्यादा दिसते. स्नायू सैल झाला, तरी सूज तशीच राहते. पंपाच्या बाबतीतही हेच घडले. १९६०च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले. तीव्र मात्रेच्या, फक्त नळी उघडणाऱ्या फवाऱ्यांवर बोट ठेवले गेले. सूज कमी करणारे स्टेरॉइड फवाऱ्यातून देण्याची सोय १९७२मध्ये झाली. मात्रा अगदी थोडी आणि थेट फुप्फुसात, म्हणून गोळ्यांच्या मानाने दुष्परिणाम कमी. तरीही 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आमच्या मते दम्याइतकाच चिवट आहे. त्यापायी अनेक घरांत रोजचा फवारा बंद होतो आणि झटक्यापुरता तेवढा उरतो.

दम्याविषयीच्या 'गिना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी नुसता तात्पुरता आराम देणारा फवारा वापरू नये, असे सांगितले आहे. धोतऱ्याच्या सिगारेटीपासून इथवर यायला दोन शतकांहून अधिक काळ लागला. वर्गात एखाद्याला धाप लागली, तर त्याला आडवे करू नये. ताठ बसवून त्याचा पंप द्यावा, आणि एक वाक्यही सलग बोलता येत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे.