नेवाशाला आलेली इटालियन वाइन

शरद ऋतू आणि इटालियन वाइन म्हटले की मॉलमधली बाटली डोळ्यांपुढे येते. आज आपण बाटलीच्या आधीचे बोलू. इटालियन वाइन महाराष्ट्रात येत होती त्याला जवळजवळ दोन हजार वर्षे झाली, आणि ती यायचा मोसम बहुधा शरदच होता.

हे कशावरून? इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची टिपणवही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस पक्का व्यापारी. भडोचला, म्हणजे त्याच्या बारिगाझाला, काय खपते याची यादी तो देतो, आणि यादीत वाइन पहिली. त्यातही इटालियनला पसंती. मग सीरियाकडच्या लाओडिसियाची आणि अरबस्तानची. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, असेही तो सांगतो. नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घ्यायचा आणि त्याचा जोर ओसरता ओसरता किनारा गाठायचा. हिशेब केला तर जहाज लागते साधारण सप्टेंबरात. भाद्रपद संपत आलेला, आकाश निवळू लागलेले. मग गाड्यांचे रस्ते वाळले की माल घाटावर. भडोच ते पैठण वीस दिवस, असे पेरिप्लस म्हणतो. आपल्या आजच्या भाषेत दसऱ्याला निघालेली गाडी दिवाळीला पोचली, एवढेच.

आता कुणी म्हणेल, आपल्या शेजारचे कल्याण सोडून भडोचला कशाला? कल्याणही बंदर होतेच. पण पेरिप्लसच्या काळात तिथे अडवणूक चालली होती. चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पश्चिमेकडे क्षहरात क्षत्रप, दख्खनेत सातवाहन, आणि भांडण जकातीचे. राजकारण व्यापाराच्या मानेवर बसते ते तेव्हापासून!

पण पेरिप्लस हा झाला कागद. कागद काहीही म्हणेल. वस्तू कुठे आहे? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे, आम्हाला हा प्रश्न आवडतो. वस्तू नेवाशाला आहे. प्रवरेकाठचे नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरांच्या पैसाच्या खांबामुळे माहीत असते. तिथे 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांतल्या हजारो खापरांत काही परकी खापरे निघाली. ती अँफोराची, म्हणजे दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या उंच सुरईची. भूमध्य समुद्रावर वाइन, तेल, माशांचा आंबवलेला रस हे सगळे अशा सुरयांतून फिरत असे. त्यांतला एक प्रकार अभ्यासक 'ड्रेसेल 2-4' म्हणून ओळखतात. तो मुख्यतः वाइनचा. त्याचा कान दोन मातीच्या कांड्या जोडून केलेला असतो, त्यामुळे तुटका कान हाती आला तरी जाणकाराला ओळख पटते.

तरी ती इटलीचीच कशावरून? सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी नेवाशाच्या या खापरांवर 2001 मध्ये लिहिले. त्यांची मदार मातीवर आहे. नेपल्सच्या उपसागराभोवती, व्हेसुव्हियसच्या परिसरात घडवलेल्या भांड्यांत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे बारीक कण दिसतात. म्हणजे सुरईने आपला गाव स्वतःच्या अंगात लिहून आणला होता. ज्या मातीतली भांडी नेवाशाला आली, त्याच परिसरातले पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेले. आणि 1938 मध्ये त्याच राखेतून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्यासारखी मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली आहे. इकडून हस्तिदंत, तिकडून वाइन.

इथे एक सावधगिरी. एके काळी पश्चिम भारतात आत काळा लेप असलेले जाड खापर दिसले की 'रोमन' म्हणायची पद्धत होती. रोबर्टा टोंबर यांनी ती खापरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच, समोरच्या घारापुरीचीही, मेसोपोटेमियाकडच्या बिनकानाच्या रांजणांची निघाली. रोमन सुरईला आतून पाइनच्या राळेचा लेप, या रांजणांना डांबराचा, दोन्ही काळेच. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. जुने मत खोडले गेल्याने नेवाशाचा पुरावा पडला नाही, उलट त्याची किंमत वाढली.

पीत कोण होते? पेरिप्लसमध्ये राजासाठी उंची वाइन वेगळी नोंदली आहे. म्हणजे बाजारची वाइन राजाखेरीज इतरांसाठी. नेवासे राजधानी नव्हतेच. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे, पण त्याची नावे कापिशायन, हारहूरक अशी परप्रांतांवरूनच पडलेली.

2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा मोठा वाद झाला. एक बाजू म्हणे ही आपली संस्कृती नव्हे, दुसरी म्हणे प्राचीन काळापासून आहे. दोघांनीही नेवाशाचे खापर हाती घेऊ नये. ते एवढेच सांगते की नेपल्सजवळ भरलेली सुरई प्रवरेकाठी फुटली. दुकानाचा परवाना त्यावरून ठरत नाही. तो शेतकऱ्याचे उत्पन्न आणि घरातले व्यसन यांकडे बघूनच ठरवायला हवा.

राहता राहिली लाल रंगाची गोष्ट. प्लिनीने वाइनचे चार रंग सांगितले, त्यांत एक रक्तासारखा. आज सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीच्या मळ्यांत इटलीच्या टस्कनीतले लाल वाइनचे द्राक्ष, सांजोवेझे, लावलेले आहे. तिथले वाइनतज्ज्ञ पिएरो मासीही टस्कनीचेच. मात्र तिकडे शरदात द्राक्षतोड असते, तर इकडे त्याच ऑक्टोबरात वेलीची गोडी छाटणी होते आणि घड उतरतात फेब्रुवारी-मार्चात. वेल इटलीचा, पण पंचांग आपल्या द्राक्षबागायतदाराचे.

बरे, आता प्रश्न घेऊ.