चौदा वर्षांचे कलम

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत राज्यघटनेचे पुस्तक आहे. पण सक्तीच्या शिक्षणाला चौदाच वर्षे का, असे विचारले तर शिकलेली पोरेही गप्प बसतात. म्हणून हा लेखप्रपंच.

ही मागणी जुनी. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचे करा म्हटले होते. १९११ साली गोखल्यांनी बिल आणले, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात करून दाखवले.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कौन्सिलात बोलले, ते भाषण म्हणजे निव्वळ हिशेब आहे. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करते. शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली १८ च चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर. मग खर्च केलेला पैसा गेला कुठे? (हा सवाल आजही विचारायला हरकत नाही.)

नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत एका सभासदाने सूचना आणली, की सक्ती फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये असे घटनेतच दुसरे कलम आहे, तर ते मूल तोवर शाळेतच पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. नाहीतर ते जाणार कुठे?

कुठे जाते ते मी सांगतो. सातवीत माझं नाव शाळेतून कमी झालं. गिरणीत लहान पोराला घेत नव्हते, पण गिरणीसमोरच्या हाटेलात वय कोण विचारतो? दोन वर्षे साचाखात्याच्या दारापर्यंत किटल्या वाहिल्या. घटनेतली मनाई कारखाने, खाणी न् धोक्याच्या कामांपुरती होती. कपबशा विसळणे त्यात बसत नव्हते! हाटेलातल्या पोरांवर बंदी आली ती २००६ साली.

४५ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत दिली होती, म्हणजे १९६०. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्याच्यासाठी कोर्टात जाता येत नव्हते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने कामावरच्या पोरांसाठी अनौपचारिक वर्गांवर भर दिला. म्हणजे पोर कामावरच राहणार, हे धरूनच चालले. मला ते कधी पटले नाही. शिक्षण मूलभूत हक्क म्हणून घटनेत आले २००२ च्या दुरुस्तीने, कायदा झाला २००९ ला आणि लागू झाला १ एप्रिल २०१० पासून.

ती बातमी मी पाळीवर, जेवणाच्या सुट्टीत वाचली. धाकटी तेव्हा दहावीला होती, चौदा कधीच ओलांडलेली.