उणिवांसाठी राखलेली जागा

सॉफ्टवेअरची माहिती कशी लिहावी याचे नियम आज अनेक मोठ्या कंपन्यांकडे असतात. बटणाचं नाव ठळक अक्षरात हवं का, शीर्षक किती लांब असावं, सगळं ठरलेलं. पण या शिस्तीचं खरं मूळ मला दिसतं ते ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या, युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलात. पुण्यात या कामाला नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना मी आधी त्याचीच पानं वाचायला देते.

न्यू जर्सीत मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होते. त्यांना नवा संगणक हवा होता, पण ऑपरेटिंग सिस्टिमसाठी म्हणून वरिष्ठ पैसे सोडत नव्हते. शेवटी मजकूर टाइप करून नीट मांडून देणारी व्यवस्था करतो, असं सांगून पीडीपी-११ मिळाला. पहिलं गिऱ्हाईक घरचंच होतं, बेल लॅब्जचं पेटंट खातं. पेटंटच्या अर्जात पानावरच्या ओळींना क्रमांक लागत, आणि हे खातं जी विकतची सिस्टिम घेण्याच्या विचारात होतं तिला ते जमत नव्हतं. युनिक्सवाल्यांनी आपल्या ‘रॉफ’ या प्रोग्रामात तेवढी सोय करून दिली. १९७१च्या उत्तरार्धात खात्याच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर अर्ज तयार करत. एखादा इंजिनिअर ‘फॉरमॅटिंगचं शेवटी बघू’ म्हणतो, तेव्हा मी त्याला हे सांगते.

मॅन्युअलातल्या प्रत्येक कमांडच्या पानाचा साचा एकच होता. आधी नाव, मग ती कशी टाइप करायची, मग वर्णन, लागणाऱ्या फायली, आणखी काय पाहावं, चूक झाल्यास येणारे संदेश. अधोरेखित शब्द जसाच्या तसा टाइप करायचा, चौकटी कंसातला मजकूर ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे आधीचा भाग पुन्हा देता येतो. हे कंस आणि ही टिंबं आजही त्याच अर्थाने चालतात.

पण मला सगळ्यात मोलाची वाटतात ती शेवटची दोन शीर्षकं, ‘बग्ज’ आणि ‘ओनर’. प्रोग्रामात काय बिघडलेलं आहे, काय अपुरं आहे, हे ज्याने तो लिहिला त्यानेच छापून द्यायचं. फायली जोडून दाखवणाऱ्या ‘कॅट’ या कमांडचंच बघा. दोन फायली जोडून निघालेला मजकूर त्यांतल्याच एकीत साठवायला सांगितलं तर भलतंच काही होईल, असा इशारा सुरुवातीच्या मॅन्युअलांत ‘बग्ज’खाली सापडतो. कारण साधं आहे: कॅटने वाचायला घेण्याआधीच शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रिकामी करून टाकतो. आणि अडलं तर विचारायचं कुणाला? ज्याने शेवटचा बदल केला तो त्या प्रोग्रामचा ओनर, मग मूळ कर्ता कुणी का असेना.

थॉम्पसन आणि रिची यांच्या विभागाचे प्रमुख डग्लस मॅकिलरॉय यांनी पुढे सांगितलं आहे की नवी आवृत्ती निघायची वेळ आली की एकच धांदल उडे. एखादी ओबडधोबड गोष्ट कागदावर उतरवताना लाज वाटे, हे छापायचं कसं असा प्रश्न पडे, आणि मग प्रोग्रामच बदलला जाई. लिहिण्याच्या नियमाने सॉफ्टवेअर सुधारल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९९५मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी इंटरनेटवर ठेवली आणि पान कुणालाही बदलता येऊ लागलं. ‘ओनर’चं काम पुढे बदलांच्या इतिहासाने उचललं. हात वाढले तसे नियमही वाढले. आर्च लिनक्सच्या आर्चविकीवर तर कमांडच्या आधी $ असेल तर ती साध्या वापरकर्त्याने चालवायची, # असेल तर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, इतकं बारीक ठरलेलं आहे. एका चिन्हाने वाचणाऱ्याचा मोठा घोटाळा टळतो.

‘बग्ज’ची जागा मात्र कंपन्यांच्या विकींमधून हळूहळू गेली. मी आधी जिथे होते तिथे ते शीर्षक साच्यातूनच काढायला लावलं, ग्राहक बिचकतील म्हणून. माहिती गेली रिलीज नोट्समध्ये. त्या कुणी उघडत नसे, आणि ग्राहक त्याच अडचणीसाठी पुन्हा पुन्हा फोन करत.

आता साचा माझ्या हातात आहे. त्यात ‘माहीत असलेल्या अडचणी’ हे शीर्षक मी सक्तीचं ठेवलंय. ते रिकामं सोडता येत नाही. अडचण नसेल, तर कोणत्या आवृत्तीवर, कुणी आणि कधी तपासलं ते लिहायचं.