‘उपसर्ग’ ते ‘वारसा’ : संगणकीय परिभाषेतील एका शब्दांतराचा इतिहास

संगणकविद्येच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत ‘क्लास’, ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘इनहेरिटन्स’ हे तीन शब्द बहुधा एकाच पानावर भेटतात. त्यांच्या व्याख्या एकापुढे एक मांडलेल्या असतात आणि वाचणाऱ्याचा असा समज होतो की, ही तिन्ही भावंडे एकाच घरी, एकाच वेळी जन्मली असावीत. वस्तुस्थिती तशी नाही. पहिला शब्द एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या लेखनातून नॉर्वेत आला. दुसरा तेथे एका जुन्या शब्दाची जागा घेऊन स्थिर झाला. तिसरा शब्द आज जो अर्थ दाखवितो, त्यासाठी मूळ रचनेत निराळाच शब्द योजिलेला होता आणि तो शब्द व्याकरणातील होता. हे शब्दांतर कसे घडले व त्यामुळे अर्थात काय फरक पडला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयात शिरावे की नाही, अशी शंका कोणी घेईल. परंतु परिभाषा ही भाषाच आहे, आणि तिच्यातील अर्थांतराचे नियम इतर शब्दांच्या अर्थांतराहून वेगळे नाहीत.

प्रथम पार्श्वभूमी. क्रिस्टन न्यूगार्ड हे 1948 पासून नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत गणिताचे काम करीत होते. अणुभट्टीसंबंधीच्या आकडेमोडीपासून आरंभ करून ते पुढे ज्यास ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात त्या शाखेकडे वळले. उले-योहान डाल हे त्यांचे त्याच संस्थेतील सहकारी. 1960 मध्ये न्यूगार्ड ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात गेले व काही काळाने डालही तेथे आले. न्यूगार्डांपुढील प्रश्न सिम्युलेशनचा, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल यंत्रावर चालवून पाहण्याचा होता. एखाद्या कारखान्यात माल कोठे तुंबतो, खिडकीपुढील रांग केव्हा लांबते, आणखी एक खिडकी उघडली तर काय होईल, असे हे प्रश्न. त्यांची उत्तरे समीकरणांनी मिळत नाहीत. व्यवहार चालवूनच पाहावा लागतो. त्यासाठी या दोघांनी ‘सिम्युला’ नावाची आज्ञाभाषा रचिली आणि 1965 च्या प्रारंभापर्यंत ती युनिव्हॅक 1107 या यंत्रावर चालू लागली. तिच्या पहिल्या आराखड्यात जगाची विभागणी ‘गिऱ्हाईक’ आणि ‘ठाणे’ अशा दोन कोटींत केलेली होती. गिऱ्हाईक एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे जाते, प्रत्येक ठिकाणी रांगेत थांबते, एवढाच त्या जगाचा व्यवहार. हे वर्णन अपुरे आहे हे लवकरच ध्यानी आले. कारण बंदरातले जहाज धक्क्यापाशी गिऱ्हाईक असते, पण स्वतःच्या मालाच्या दृष्टीने ठाणे असते. तेव्हा दोहोंच्या जागी ‘प्रक्रिया’ ही एकच कोटी ठेवण्यात आली, आणि प्रक्रियेचे जे लिखित वर्णन त्यास ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ असे नाव मिळाले.

येथे एक तांत्रिक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. सिम्युला ही अल्गोल 60 या भाषेवर उभारलेली होती. अल्गोलमध्ये ‘ब्लॉक’ म्हणून एक रचना आहे : आरंभ आणि शेवट यांच्या दरम्यान काही नावे घोषित करावयाची, त्यांना मूल्ये द्यावयाची आणि त्यांवर काही कृती करावयाच्या. ब्लॉकची कृती संपली की त्यातील नावे आणि मूल्ये नाहीशी होतात. नाटकाचा पडदा पडल्यावर पात्रे विरून जावीत, तसेच हे. न्यूगार्ड व डाल यांचे मर्मग्राही निरीक्षण असे की, ब्लॉकमधून बाहेर पडल्यावरही त्याची ती प्रत जिवंत ठेवता आली, तर त्या प्रतीजवळ स्वतःची मूल्ये आणि स्वतःच्या कृती दोन्ही राहतात आणि तिला पुन्हा हाक मारता येते. अशा टिकून राहिलेल्या प्रतीलाच पुढे ‘ऑब्जेक्ट’ हे नाव मिळाले. वर्णन एक, प्रती अनेक. प्रत्येक प्रतीची मूल्ये निराळी, पण घडण सारखी. नवशिक्याने ऑब्जेक्ट म्हणजे काय हे समजून घेताना ‘जगातील कोणतीही वस्तू’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर सोडून देऊन या न विरलेल्या ब्लॉकपासून आरंभ केला तर पुष्कळ घोटाळा टळतो, असा माझा अनुभव आहे.

‘क्लास’ हा शब्द टोनी होअर यांचा. 1965 मध्ये त्यांनी ‘रेकॉर्ड’, म्हणजे अनेक रकान्यांची एकेक नोंद, हाताळण्याविषयी एक प्रस्ताव मांडला होता. त्यात सारख्या घडणीच्या नोंदींच्या समूहास त्यांनी ‘रेकॉर्ड क्लास’ म्हटले होते व ‘सबक्लास’ ही कल्पनाही सुचविली होती. सप्टेंबर 1966 मध्ये फ्रान्समधील व्हिलार-द-लान्स येथे भरलेल्या उन्हाळी अभ्यासवर्गात त्यांनी याच विषयावर व्याख्याने दिली व तेथे डालही उपस्थित होते. होअरांच्या मूळ योजनेत ‘क्लास’ या शब्दाला समूहाचा वास होता. ऑस्लोत तो शब्द ‘अ‍ॅक्टिव्हिटी’च्या जागी बसला तेव्हा समूह गळून पडला आणि केवळ घडणीचे वर्णन एवढा अर्थ उरला. आपल्याकडे ‘वर्ग’ म्हटले की विद्यार्थ्याच्या मनात आधी समूहच येतो. वर्ग म्हणजे शाळेतला वर्ग, वर्ग म्हणजे कवर्ग-चवर्ग, किंवा गणितातला वर्ग. यांपैकी कोठेही ‘घडणीचा आराखडा’ हा अर्थ नाही. नैयायिकांनी व्यक्ती, आकृती व जाती असे जे त्रिक मानले आहे, त्यातील ‘आकृती’ खरे तर येथे अधिक जवळची. ‘जाती’ हा शब्दही शास्त्रदृष्ट्या चालला असता. तो आज का चालणार नाही, हे सांगावयास नको.

आता मुख्य प्रकरणाकडे. 1966 च्या अखेरीस ऑस्लोच्या मंडळींना एक अडचण छळीत होती. पुलावरील टोलनाक्याची नक्कल करावयाची आहे असे समजा. रांगेत मालमोटारी आहेत, बसगाड्या आहेत. प्रत्येकीची मूल्ये निराळी : एकीत माल, दुसरीत उतारू. परंतु रांगेत उभे राहण्यास जे लागते, म्हणजे ‘माझ्या पुढे कोण, मागे कोण’ ही माहिती, ते सर्वांना समान. ही समान माहिती प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी स्वतंत्र लिहावी, तर रांग चालविणाऱ्या कृतीही तितक्याच वेळा लिहाव्या लागतात. सर्वांना एकाच प्रकारात कोंबावे, तर मालमोटारीला उतारूंचे रकाने वाहावे लागतात. होअरांच्या सबक्लासने हे साधत नव्हते, कारण तेथे सर्व उपप्रकार मूळ व्याख्येच्या आतच आधी सांगून ठेवणे भाग होते. ग्रंथालयात ठेवलेल्या एखाद्या तयार वर्णनाला नंतर येणाऱ्याने नवी शाखा फोडावी, ही सोय नव्हती.

तोडगा निघाला तो लेखनपद्धतीतून. ‘क्लास मालमोटार’ या घोषणेच्या अगोदर दुसऱ्या एका क्लासचे नाव लिहावयाचे : ‘लिंक क्लास मालमोटार’. त्या अग्रस्थानी लिहिलेल्या नावाला त्यांनी ‘प्रीफिक्स’, म्हणजे उपसर्ग, म्हटले. आणि दोन वर्णने जोडण्याच्या क्रियेला जोडसाखळी या अर्थाचा शब्द वापरला. अर्थ असा की, ‘लिंक’चे वर्णन आणि ‘मालमोटार’चे वर्णन सांधून एकच वर्णन तयार होते, आणि त्यापासून जी प्रत निघते ती एकच व अखंड असते. मे 1967 मध्ये ऑस्लोजवळील लीसेबू येथील परिषदेत डाल व न्यूगार्ड यांनी हे मांडले, व ब्यॉर्न मीरहाऊग यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेल्या सिम्युला 67 मध्ये ते कायम झाले. या उपसर्गाची शक्ती किती मानली गेली होती, हे एका गोष्टीवरून दिसते. ज्या सिम्युलेशनसाठी ही भाषा जन्मली, ती सारी सामग्री नव्या भाषेत ‘सिम्युलेशन’ नावाच्या एका क्लासमध्ये गेली. तो क्लास स्वतः रांगांच्या ‘सिमसेट’ या क्लासचा उपसर्ग लावून बनलेला होता, आणि ज्यास नक्कल करावयाची असेल त्याने आपल्या संपूर्ण प्रोग्रॅमलाच ‘सिम्युलेशन’ हा उपसर्ग लावावा, अशी योजना होती. सिम्युला हे नावही आता ‘सिम्युलेशनची भाषा’ याऐवजी ‘साधी सार्वत्रिक भाषा’ असे फोडून सांगण्यात येऊ लागले.

भाषाशास्त्रज्ञाचे येथे थोडे अडते, व ते सांगून टाकणे बरे. आपल्या व्याकरणात उपसर्ग अथवा समासाचे पूर्वपद हे विशेषक असते. ‘आगगाडी’ ही गाडीच असते, ‘आग’ हा तिचा विशेष. सिम्युलात नेमके उलट आहे : पूर्वपद सामान्य, उत्तरपद विशेष. तेव्हा ‘प्रीफिक्स’ हे नाव अर्थसंबंधावरून पडलेले नसून लेखनातील स्थानावरून पडलेले आहे. परंतु त्यातील एक गोष्ट पूर्णतः व्याकरणाची आहे, आणि तीच मोलाची : उपसर्ग लागून झालेला शब्द हा एकच शब्द असतो. ‘प्रहार’मध्ये ‘प्र’ हा कोणी वडीलधारा नसतो.

या दृष्टीचा परिणाम भाषेच्या वागणुकीतही उतरला होता. सिम्युलात नवी प्रत निर्माण झाली की प्रथम उपसर्गाच्या कृती चालतात. मध्ये ‘इनर’ हा शब्द आला की उत्तरपदाच्या कृती चालतात. त्या संपल्यावर उपसर्गाच्या उरलेल्या कृती पुऱ्या होतात. म्हणजे सामान्य वर्णन हे चौकट असते आणि विशेष वर्णन तिच्यात मावते. पुढच्या भाषांत याच्या उलट रीत पडली : विशेष वर्णनाने हवे तर ‘सुपर’ म्हणून वरच्याला हाक मारावी, नाही तर त्याला डावलून स्वतःचेच चालवावे. पहिल्या रीतीत चौकटीचा शब्द अखेरचा, दुसरीत नव्याचा.

ही दुसरी रीत अमेरिकेतील. अ‍ॅलन के हे गणित व रेणवीय जीवशास्त्र शिकलेले गृहस्थ 1966 मध्ये युटा विद्यापीठात दाखल झाले, आणि तेथे त्यांच्या हाती दोन गोष्टी लागोपाठ आल्या : आयव्हन सदरलँड यांचा 1963 चा ‘स्केचपॅड’वरील प्रबंध आणि सिम्युला. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे विशेषण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्यांनी त्यानंतर थोड्याच काळात योजिले. त्यांच्या मनातील चित्र मात्र ब्लॉकचे नव्हते. ते पेशींचे होते. प्रत्येक पेशी बंदिस्त, आणि परस्परांशी व्यवहार केवळ निरोपांतून. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1972 मध्ये जी पहिली ‘स्मॉलटॉक’ सिद्ध झाली, तिच्यात क्लास होते, निरोप होते, परंतु इनहेरिटन्स नव्हता. तो 1976 च्या आवृत्तीत आला. ‘सुपरक्लास’ व ‘सबक्लास’ अशी उतरंड तिच्यात स्थिर झाली. पुढे 1998 मध्ये के यांनी असे लिहिले की, ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द आपण रूढ केला याची आपणास खंत वाटते, कारण लोकांचे लक्ष गौण कल्पनेवर खिळले. खरी कल्पना निरोपांची होती. शब्द घडविणाऱ्यानेच आपल्या शब्दाविषयी अशी कबुली देणे, हे परिभाषेच्या इतिहासात विरळा होय.

तिसरी शाखा ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांची. डेन्मार्कच्या या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये सिम्युला वापरली होती, आणि 1979 मध्ये बेल प्रयोगशाळेत सी भाषेला क्लासची जोड देण्यास आरंभ केला. 1983 मध्ये त्या भाषेस ‘सी प्लस प्लस’ हे नाव मिळाले. ‘सुपर’ व ‘सब’ यांत वरचे कोणते आणि मोठे कोणते याचा गोंधळ होतो, म्हणून त्यांनी ‘बेस’ आणि ‘डिराइव्ह्ड’ हे शब्द घेतले. मराठीत सांगावयाचे तर प्रकृती आणि साधित. व्याकरण मागील दाराने पुन्हा आत आले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ‘इनहेरिटन्स’ हा शब्द तोवर इतका पक्का झाला होता की, साधित क्लासही ‘वारसा घेतो’ असेच लोक म्हणत राहिले. त्यातून ‘पालक क्लास’ व ‘अपत्य क्लास’ ही बोली आली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न असा : “सर, पालकाच्या ऑब्जेक्टमधील मूल्य बदलले तर अपत्याच्या ऑब्जेक्टमधील बदलेल का?” हा विद्यार्थी मंद नव्हता. वारसा म्हटला की देणारा एक आणि घेणारा दुसरा, अशा दोन व्यक्ती आल्याच. आणि त्याने त्या प्रामाणिकपणे शोधल्या. तेथे दोन ऑब्जेक्ट नसतातच, दोन वर्णने सांधून झालेले एकच ऑब्जेक्ट असते, हे ‘उपसर्ग’ या शब्दाने आपोआप कळले असते. अरबी ‘वारिस’पासून आलेला आपला ‘वारसा’ तर इंग्रजी शब्दाहूनही अधिक दिवाणी आहे. जैविक अर्थासाठी आपण ‘आनुवंशिकता’ हा निराळा शब्द ठेविला आहे, इंग्रजीत दोन्हींचे क्रियापद एकच. त्यातल्या त्यात मिताक्षरेतील जन्मतःच स्वत्व मिळण्याचा सिद्धान्त दायभागातील पित्याच्या मृत्यूनंतरच्या स्वत्वापेक्षा येथे जवळचा. पण विद्यार्थ्याला क्लास समजावा म्हणून त्याला आधी धर्मशास्त्र शिकविणे हा काही मार्ग नव्हे.

मला अधिक योग्य वाटणारा शब्द ‘अनुवृत्ती’ हा आहे. पाणिनीय सूत्रांत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न लिहिता चालू राहते. स्वरसंधीच्या प्रकरणात ‘स्वर पुढे असता’ ही अट एकदा सांगितली की लगतच्या सूत्रात ती पुन्हा सांगावी लागत नाही. तेथे कोणी कोणास काही देत नाही. मागील पद पुढील वाक्याचाच भाग होते. विशेष नियमाने सामान्य नियमास बाजूस सारावे, यासाठी ‘अपवाद’ आणि ‘उत्सर्ग’ ही जोडीही सिद्ध आहे. यावरून पाणिनीने संगणकभाषा रचिली होती असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मला बसावयाचे नाही. ऑस्लोच्या मंडळींनी जे केले ते टोलनाक्याची रांग सोडविण्यासाठी केले. अष्टाध्यायीचा तेथे संबंध नाही. शिवाय अनुवृत्ती कोठवर चालते हे सूत्रांत लिहिलेले नसते, ते परंपरेने कळते. संगणकास अशी परंपरा नसल्यामुळे प्रत्येक घोषणेत पूर्वपदाचे नाव लिहावेच लागते. एवढा भेद मान्य करूनच तो शब्द घ्यावा लागेल.

1995 मध्ये आलेल्या जावा भाषेत या संबंधासाठी लिहावयाचा शब्द ‘एक्स्टेंड्स’, म्हणजे ‘विस्तार करतो’, असा आहे. तो शब्द लिहिणारा विद्यार्थी तोंडाने मात्र ‘इनहेरिट करतो’ असेच वाचतो. न्यूगार्ड आणि डाल यांना 2001 चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले, आणि 2002 च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही वारले. त्यांचा ‘प्रीफिक्स’ हा शब्द त्यापूर्वीच व्यवहारातून गेला होता. आज तो सिम्युलाची जुनी पुस्तके उघडणाऱ्यालाच आढळतो.