‘वाजवी वेळ’ म्हणजे किती दिवस?

२७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये एक कायदा लागू झालाय. तिथे त्याला ‘अवाबचा कायदा’ म्हणतात. काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, किंवा ना-नफा गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात जिवाला तातडीचा धोका असेल, तर मालकाने २४ तासांत तो दूर करायचा. ओल-बुरशीचा गंभीर त्रास असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी करायची. तपासणी संपली की कामाच्या ३ दिवसांत भाडेकरूला लेखी कळवायचं आणि ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. ते जमत नसेल तर मालकाच्या खर्चाने दुसरीकडे राहायची सोय.

वाचायला किती साधं वाटतं! पण हे तास आणि हे दिवस कायद्यात यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. ती कशी गेली हे आपण मुंबईकरांनी वाचण्यासारखं आहे, कारण पालिकेचे भाडेकरू आपल्याकडेही आहेत.

सुरुवात चांगल्या हेतूनेच झाली होती. १८९० च्या कायद्याने कामगारांसाठी घरं बांधायचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले. पूर्व लंडनमधली एक बकाल वस्ती पाडून लंडन काउंटी काउन्सिलने बाउंडरी इस्टेट उभी केली आणि १९०० साली तिचं उद्घाटन झालं. मूळ वस्तीतल्या फारच थोड्यांना तिथलं भाडं परवडलं, हा भाग वेगळा. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या ॲडिसन कायद्याने, सरकारी पैशातून काउन्सिलची घरं मोठ्या प्रमाणावर बांधायला सुरुवात झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधली सुमारे एकतृतीयांश कुटुंबं अशा घरांत राहत होती.

म्हणजे छप्पर मिळालं. दुरुस्तीचं काय?

१९६१ च्या गृहनिर्माण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली. इमारतीचा सांगाडा, बाहेरच्या भिंती, पाणी, गॅस, संडास-मोरी, सगळं मालकाने नीट ठेवायचं. १९८५ च्या कायद्यातही हेच कलम आलं. पण किती दिवसांत? तर ‘वाजवी वेळेत’. आता वाजवी कोणाच्या हिशेबाने? ओल्या भिंतीला उशी लावून झोपणाऱ्याच्या, की टेबलावर फाइल ठेवून घरी जाणाऱ्याच्या? सगळी गोम इथेच होती.

१६ मे १९६८. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली काउन्सिलची इमारत. कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे भिंतीएवढे तुकडे आणून एकावर एक रचलेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे १८ व्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी गॅस पेटवला, गळतीमुळे स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. ४ माणसं गेली, १७ जखमी झाली. गॅस पेटवणाऱ्या बाई मात्र वाचल्या. स्फोट तेवढा मोठा नव्हताच, जोड कच्चे होते. त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले, पण ती इमारत डागडुजी करून पुन्हा भाडेकरूंना दिली! सॅम वेब नावाचे वास्तुविशारद आणि तिथले रहिवासी वर्षानुवर्षं सांगत राहिले की ही सुरक्षित नाही. १९८६ मध्ये ती उतरवली तेव्हा दिसलं, की कित्येक जोडांत माल नीट भरलेलाच नव्हता.

३ जुलै २००९. दक्षिण लंडनमधल्या लाकानाल हाउसला आग लागली. ६ जण गेले, त्यात ३ लहान मुलं. ‘घरातच थांबा’ असं त्यांना सांगितलं होतं. २०१३ मध्ये कॉरोनरने सरकारला कळवलं, की आगीसंबंधीचे बांधकामाचे नियम तपासून सुधारा. ते काम रेंगाळलं.

१४ जून २०१७. ग्रेनफेल टॉवर, २४ मजले. चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजमधून आग सुरू झाली आणि नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या गाभ्याच्या पत्र्यांवरून वर चढत गेली. ७२ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांच्या गटाने सात महिने आधीच लिहून ठेवलं होतं, की मोठा अनर्थ झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी बघणार नाही. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं, की यातला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता. तक्रार करणाऱ्यांकडे व्यवस्थापन कटकटे लोक म्हणून बघत होतं, हेही त्यात आलं.

आणि अवाब. रॉचडेल गावातला दोन वर्षांचा मुलगा, सुदानहून आलेल्या आईबापांचा. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. पुढे त्यांनी वकील केला, तर वकिलामार्फत दावा मिटेपर्यंत दुरुस्ती सुरू करायची नाही असा मालक संस्थेचा शिरस्ता! वर बुरशीचा दोष कुटुंबाच्या राहणीवर. डिसेंबर २०२० मध्ये मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन गेला, असं कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवलं. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात त्याच्या नावाची तरतूद झाली आणि ‘वाजवी वेळे’च्या जागी आकडे आले.

या सगळ्यात एक धागा बघा. माहिती नव्हती असं फारसं कुठेच नाही. भिंत कुठे पाझरते, जिन्यात काय रचून ठेवलंय, हे तिथे राहणाऱ्याइतकं कोणालाच कळत नाही. भाडेकरूची तक्रार म्हणजे फुकटातली तपासणी. पण त्या तक्रारीवर तारीख चढत नव्हती, म्हणून ती वाट बघत पडून राहायची. हक्क कागदावर होता, त्याला घड्याळ नव्हतं.

आता आपल्याकडे या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या बीआयटी चाळी पुढे पालिकेकडे आल्या. आणि २७ सप्टेंबर २०१३ ची डॉकयार्ड रोडची सकाळ आठवा. बाबू गेनू मंडईची इमारत पालिकेच्याच मालकीची. राहणारे बहुतेक पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. इमारत काही ब्रिटिशांच्या काळातली नव्हती, आणि तिला दुरुस्ती हवी हे आधीच कागदावर आलं होतं. ६१ माणसं ढिगाऱ्याखाली गेली.

दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते, नोटिसा चिकटतात. नोटिशीवर तारीख असते, पण ती खोली रिकामी करायची, म्हणजे घड्याळ भाडेकरूच्या मागे लावलेलं. गळतीचा, तडे गेलेल्या खांबाचा अर्ज आपण वॉर्ड ऑफिसात देतो, तेव्हा ‘अमुक तारखेपर्यंत बघून जाऊ, तमुक तारखेपर्यंत टेकू लावू’ असं कधी लिहून मिळतं?

म्हणून एक करा. अर्ज तोंडी नको, लेखी द्या. पोच घ्या. फोटो तारखेसकट ठेवा. शक्य तिथे सगळ्या मजल्याच्या सह्या एकत्र घ्या. आणि तुमच्या नगरसेवकाला इंग्लंडचे हे आकडे दाखवून विचारा: २४ तास, १० दिवस, ५ दिवस. पालिकेच्या घरांसाठी आपले आकडे काय?

जे उत्तर मिळेल ते खाली नक्की लिहा.